कामगारांचे मत आणि धोट्याचा प्रश्न

माझा एक माजी विद्यार्थी पुण्याच्या एका फार मोठ्या कंपनीत नोकरीला आहे. कंपनीचे नाव मी इथे देत नाही आणि त्याचेही देत नाही. कारण पुढे ध्यानी येईल. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तो आमच्या महाविद्यालयात आला, बी.कॉम. झाला, पुढे संगणकाचा अभ्यासक्रम केला, आणि महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार जमा होणारा त्यांच्या घरातला पहिला माणूस झाला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मला भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सर, आमच्याकडे दरवर्षी कर्मचाऱ्यांचं मत विचारतात. त्यात एक वाक्य असतं : इथे प्रत्येकाला न्याय्य वागणूक मिळते. मी दरवर्षी 'पूर्णपणे सहमत'वर खूण करतो."

मी विचारले, "म्हणजे मिळते तर?"

"नाही सर. मिळत नाही, म्हणून तर खूण करतो."

मी वाणिज्य शाखेला व्यवस्थापन शिकवतो. कर्मचाऱ्यांचे समाधान कसे मोजावे यावर मी वर्गात वर्षानुवर्षे टिपणे देत आलो आहे. त्या टिपणांत या उत्तराला जागा नाही. प्रस्तुत लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. मोठ्या कंपन्यांत वर्षातून एकदा सर्व कर्मचाऱ्यांना संगणकावर एक प्रश्नावली येते. माझा वरिष्ठ माझे ऐकून घेतो, बढती गुणवत्तेवर मिळते, मी जसा आहे तसा इथे वावरू शकतो, अशी अनेक विधाने असतात आणि प्रत्येकापुढे पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत पाच पर्याय. नाव लिहायचे नसते. मग उत्तरांची सरासरी निघते. ती खाते, वय, स्त्री-पुरुष, नोकरीची वर्षे यांनुसार वेगळी करून पाहतात. जातीचा रकाना नसतो. आणखी एक नियम बहुतेक ठिकाणी असतो : एखाद्या गटात पाच किंवा दहापेक्षा कमी माणसे असतील तर त्या गटाची उत्तरे स्वतंत्रपणे दाखवायची नाहीत. कोण काय म्हणाले ते ओळखू येऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. परंतु नऊ जणांच्या टीममध्ये दलित एकच असतो तेव्हा या नियमाने काय होते ते पाहा. त्याने धीर करून 'असहमत' म्हटले तरी ते उरलेल्या आठांच्या समाधानात विरघळते. आणि नाव नसले तरी टीममध्ये एकाने असहमती नोंदवली एवढे तर सरासरीवरून कळतेच. मग मॅनेजर बैठक घेतो आणि हसत हसत विचारतो, "आपल्यात नाराज कोण आहे बुवा?"

माझ्या विद्यार्थ्याचे आडनाव गावाच्या नावावरून पडलेले आहे, शेवटी 'कर' आहे. त्यामुळे सहकारी त्याला आपल्यातलाच समजतात. जेवणाच्या टेबलावर 'कोट्यातल्या' डॉक्टरांवर विनोद होतात तेव्हा तो हसतो. लग्न कधी, मुलगी कुठल्या घरातली बघणार, तुमचे कुलदैवत कोणते, असे प्रश्न आले की तो फोन आल्याचे निमित्त करून उठतो. दोन वर्षे त्याच्या वार्षिक मूल्यमापनात एकच शेरा आहे : काम उत्तम, परंतु टीममध्ये मिसळत नाही. या शेऱ्यापायी एक बढती हुकली. आता हा अन्याय आहे काय? त्याच्या आठही सहकाऱ्यांना विचारले तर ते मनापासून नाही म्हणतील, आणि ते खोटेही बोलत नसतील. त्यांच्या दृष्टीने तिथे काहीच घडलेले नाही.

कामगाराला त्याचे मत विचारण्याची ही रीत कुठून आली तेही पाहिले पाहिजे. आमच्या पुस्तकांत तिचे मूळ शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात दाखवतात. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात टेलिफोनची यंत्रसामग्री बनत असे. १९२८ ते १९३० या काळात तिथे २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मुलाखत घेणाऱ्याने वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचे. निष्कर्ष असा निघाला की माणूस बोलला की हलका होतो, आणि त्याची तक्रार वरकरणी ज्याबद्दल असते त्याबद्दलच ती असते असे नाही. मनात काही वेगळेच सलत असते. यातून मानवी संबंधांचा विचार जन्मास आला असे आम्ही परीक्षेत लिहायला सांगतो. तो विचार माणुसकीचा आहे, हे मान्य करतो. पण त्याने तक्रारीचे रूपांतर भावनेत केले. पगार कमी आहे असे म्हणणाऱ्याला काय दिले पाहिजे, यापेक्षा त्याला काय वाटते आहे हे महत्त्वाचे ठरले. आजच्या प्रश्नावलीतले 'तुम्हाला वाटते का?' हे शब्द तिथून आले आहेत.

त्याच १९२८ साली मुंबईत कामगारांचे मत वेगळ्या रीतीने पुढे येत होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संपसमितीने मालकांपुढे १७ मागण्या ठेवल्या. दर, महागाई, कामाचे तास, दंड, कपात, सर्व काही त्यांत होते. एक गोष्ट नव्हती.

ती गोष्ट समजून घ्यायची तर साचा कसा चालत असे ते ठाऊक हवे. मागावर आडवा धागा नेणारा धोटा असतो. धोट्यात सुताची कांडी बसवतात. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. ते काढायचे सर्वांत झटपट साधन म्हणजे तोंड. धोट्याला ओठ लावून धागा ओढून घेतला की क्षणात काम होते. दिवसभरात हे कितीतरी वेळा करावे लागे, आणि धोटा एकाच माणसाच्या हातात राहत नसे. पाळी बदलली, बदली कामगार आला, की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागे. म्हणून अस्पृश्य साचेखात्यात नको. त्याच खात्यात मराठा आणि मुसलमान विणकर शेजारी शेजारी काम करीत. महार कामगाराला मात्र तिथे प्रवेश नव्हता. त्याने रिंग खात्यात राबावे किंवा झाडलोट करावी. साचेवाल्याची कमाई रिंगवाल्यापेक्षा पुष्कळ अधिक होती. तेव्हा हा प्रश्न केवळ विटाळाचा नव्हता. गिरणीतल्या सगळ्यांत चांगल्या पगाराच्या नोकऱ्या कोणासाठी राखून ठेवल्या आहेत, हा तो प्रश्न होता. आरक्षणावर विनोद करणाऱ्यांना या राखीव जागा कोणी कधी सांगितलेल्या नसतात.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क तुमच्या मागण्यांत घातला नाहीत तर मी आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. आणि मालकांनी काय उत्तर दिले? यात अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. गिरणीच्या कोणत्याही नियमात महाराने साचा चालवू नये असे लिहिलेले नव्हते. ते कामगारांचे मत होते. त्या वर्षी कोणी साचेखात्यात प्रश्नावली वाटली असती आणि 'तुमच्या खात्यात सर्वांना न्याय्य वागणूक मिळते काय' असे विचारले असते, तर साचेवाल्यांनी एकमुखाने होय म्हटले असते. ज्याने नाही म्हटले असते तो त्या खात्यात नव्हताच.

इथे थोडे घरचे सांगतो. माझे आजोबा १९४० नंतर केव्हातरी गिरणीत लागले ते रिंग खात्यात, आणि सुटले तेही रिंग खात्यातूनच. वडील बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. आजोबांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटत होते काय, हे मी वडिलांना एकदा विचारले. ते म्हणाले, "आबांना कधी कुणी विचारलंच नाही. आणि इचारलं असतं तरी म्हणाले असते, मालक चांगला होता." मला ते उत्तर त्या वेळी आवडले नव्हते. आज त्या पुण्याच्या मुलाचे उत्तर ऐकल्यावर ते निराळे वाटते.

धोट्याबद्दल आणखी एक सांगण्यासारखे आहे. तोंडाने धागा ओढण्याची ही रीत इंग्लंड-अमेरिकेतही होती. तिथे ती रोग पसरवते म्हणून तिच्याविरुद्ध ओरड झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच असले धोटे कायद्याने बंद केले. हाताने धागा ओवता येईल असे धोटे बनवता येत होते, बनतही होते. म्हणजे मुंबईच्या गिरणीत हा प्रश्न सोडवायला मनःपरिवर्तनाची वाट पाहायची गरज नव्हती. धोटा बदलला असता तरी विटाळाच्या सबबीतली हवा गेली असती, आणि क्षयाने खंगणारे सवर्ण विणकरही वाचले असते. अस्पृश्यता ही मनातली भावना आहे असे एकदा ठरवले की हत्याराकडे कोणाची नजर जात नाही. कामाच्या जागेवरचा जातिभेद बहुतेक वेळा कामाच्या एखाद्या पद्धतीत जाऊन बसतो, आणि मग ती पद्धत कार्यक्षमतेच्या नावाने ओळखली जाते.

मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण सारे जाणतो. त्याच भाषणातला एक तपशील मात्र आपण फारसा उच्चारत नाही. गँगमन म्हणून लागलेला दलित गँगमन म्हणूनच संपतो, त्याला साधा पोर्टर का होता येत नाही? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी पाणी भरावे लागते, घरकाम करावे लागते. रेल्वेच्या कोणत्या नियमपुस्तकात पोर्टरने मास्तरीणबाईंचे पाणी भरावे असे लिहिले होते? तो रिवाज होता. बढतीची वाट त्या रिवाजातून जात होती. माझ्या विद्यार्थ्याच्या बढतीची वाट टीमलीडरच्या घरच्या गणपतीच्या जेवणातून जाते, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आजची खाजगी कंपनी फक्त गुणवत्ता पाहते. याची परीक्षा झालेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५-०६ मध्ये वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे तेवढी वेगळी. काही नावे उघडपणे सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुसलमान. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दोनतृतीयांशच भरली, मुसलमान नावाला तर एकतृतीयांश. मुलाखतीपर्यंत पोचलेल्याचे पुढे काय होते तेही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांच्या अभ्यासात सापडते. त्यांनी दिल्ली परिसरातील २५ मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरती अधिकाऱ्यांशी चर्चा केली. आम्ही जात पाहत नाही असे ते अधिकारी सांगत, आणि त्याच दमात 'घरची पार्श्वभूमी' विचारणे किती आवश्यक आहे तेही सांगत. वडील काय करतात, भावंडे काय शिकली, घर कुठे आहे. चांगल्या घरात वाढलेला माणूस चांगला कामगार होतो अशी त्यांची श्रद्धा. मी स्वतः नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा वडील काय करतात या प्रश्नाला 'सेवानिवृत्त' असे उत्तर दिले होते. संपात नोकरी गेलेल्या बदली कामगाराला सेवानिवृत्त म्हणतात काय, हे व्याकरणाच्या शिक्षकांनी ठरवावे. आणि या पायऱ्या चढून सगळ्यांत वर कोण पोचते? देशातील हजार मोठ्या कंपन्यांच्या नऊ हजारांहून अधिक संचालकांची नावे तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के.

आता परदेशाकडे वळतो, कारण या प्रश्नाला न्यायालयात प्रथम मोठे तोंड फुटले ते अमेरिकेत, आणि भारतातून शिकून गेलेल्या अभियंत्यांमुळेच. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को या बलाढ्य कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वंशाच्या वरिष्ठांवर दावा दाखल केला. तक्रार एका दलित अभियंत्याची होती. तो आणि त्याचा वरिष्ठ दोघेही एकाच आयआयटीत शिकलेले. हा मुख्य यादीतून आलेला नव्हे, आरक्षणातून आलेला, असे त्या वरिष्ठाने इतरांना सांगितल्याचा आरोप आहे. २०१६ साली त्याने कंपनीकडे तक्रार केली. जातीवरून होणारा भेद बेकायदेशीर ठरत नाही, असा पवित्रा कंपनीच्या अंतर्गत चौकशीने घेतल्याचे दाव्यात म्हटले आहे. कंपनीने आणि त्या दोघांनी आरोप नाकारले. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या दोन व्यक्तींविरुद्धचा दावा खात्याने स्वतःहून मागे घेतला. कंपनीविरुद्धचा तसा घेतला नाही. आरोप सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. परंतु मालकांचे १९२८ चे उत्तर आणि हे उत्तर शेजारी ठेवून पाहावे : आमच्या नियमांत ही गोष्टच नाही, तर अन्याय कसला?

दुसरे उदाहरण गुगलचे. २०२२ च्या एप्रिलमध्ये, दलित इतिहास मासानिमित्त, तेनमोळी सौंदरराजन यांचे भाषण कंपनीत ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना पत्रे लिहिली की या बाई हिंदूद्वेष्ट्या आहेत, त्यांच्या येण्याने आम्हाला असुरक्षित वाटते. भाषण रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. जातीय भेदभावाला आमच्याकडे थारा नाही, असे कंपनीने सांगितले, आणि भाषणामुळे कर्मचाऱ्यांत फूट पडत होती असेही सांगितले. इथे कंपनीने कामगारांचे मत ऐकले नाही असे कोणी म्हणू नये. तिने ते तत्परतेने ऐकले! साचेखात्यातल्यांनी जे धोट्याच्या नावाने सांगितले ते यांनी सुरक्षिततेच्या नावाने सांगितले.

मग दलितांचे मत किती आहे? त्याचेही आकडे आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेने २०१८ मध्ये अमेरिकेतील पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात उत्तर देणाऱ्या दलितांपैकी ६७ टक्क्यांनी कामाच्या जागी जातीवरून अन्याय्य वागणूक मिळाल्याचे सांगितले. २०२१ मध्ये कार्नेगी या संस्थेने १,२०० भारतीय वंशाच्या अमेरिकनांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात जातीय भेद अनुभवल्याचे अवघे ५ टक्के लोक म्हणाले. पहिली पाहणी लोकांनी आपण होऊन दिलेल्या उत्तरांवर उभी होती, ती सर्वांचे प्रतिनिधित्व करीत नाही, हा आक्षेप रास्त आहे. आपण तो झटकून टाकू नये. पण दुसऱ्या पाहणीतला आणखी एक आकडा वाचावा. सुमारे निम्म्या हिंदू उत्तरदात्यांनी आपण कोणत्याही जातीशी स्वतःला जोडत नाही असे सांगितले, आणि ज्यांनी जात सांगितली त्यांत दहांपैकी आठांहून अधिक जण वरच्या वर्गातले होते. तेव्हा ते ५ टक्के कशाचे आहेत? एका पाहणीने चटका बसलेल्यांना विचारले, दुसरीने सगळ्या गर्दीला. दोन्ही आकडे खरे असू शकतात. दलितांवर अन्याय होतो काय, या प्रश्नाचे उत्तर गर्दीच्या सरासरीत शोधणे मला चूक वाटते.

यानंतर अमेरिकेत थोडे बदलले. ॲपल आणि आयबीएम यांनी आपल्या नियमांत वंश, धर्म यांच्या जोडीला जात हा शब्द घातला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटल शहराने जातीय भेदाला बंदी करणारा ठराव केला; तो मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी सही करण्यास नकार दिला. सध्याच्या कायद्यात हे सगळे आधीच येते, वेगळा शब्द नको, असे त्यांचे कारण.

आपल्याकडे काय आहे? संविधानाच्या १६ व्या कलमातली समान संधी सरकारी नोकरीपुरती आहे. १७ वे कलम अस्पृश्यता सर्वत्र नष्ट करते, पण मूल्यमापनाच्या शेऱ्यात ती दाखवायची कशी? १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अपमानासाठी लावायचा तर तो अपमान लोकांच्या नजरेत येईल अशा जागी झालेला असावा लागतो. 'टीममध्ये मिसळत नाही' हा शेरा त्यात बसत नाही. याउलट स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत पाहा. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची केली, आणि समितीवर बाहेरची एक व्यक्तीही घ्यावी लागते. हा कायदा १९९७ च्या विशाखा निकालातून आला, आणि तो निकाल राजस्थानातल्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारातून. कुंभार जातीची, बालविवाह रोखायला निघालेली एक खेड्यातली बाई. तिच्यावर अत्याचार करणारे कनिष्ठ न्यायालयातून सुटले. आज वातानुकूलित कार्यालयातल्या स्त्रीला जे संरक्षण आहे ते तिच्यामुळे आहे. तेव्हा कंपनीच्या आत तक्रार ऐकणारी, बाहेरचा माणूस असलेली यंत्रणा कायद्याने बसवता येते, हे सिद्ध झालेले आहे. जातीसाठी खाजगी क्षेत्रात अशी सक्तीची समिती नाही.

जातीचा रकाना फॉर्ममध्ये असावा, असे माझे मत होते. रकान्याशिवाय मोजदाद नाही, आणि मोजदादीशिवाय मागणी नाही. मी ते विद्यार्थ्याला बोलून दाखवले. तो एकदम म्हणाला, "नको सर. पहिल्या दिवशीच सगळ्यांना कळेल." मी वाद घातला नाही. सरकारी महाविद्यालयात जातीच्या दाखल्यावर लागलेल्या माझ्यासारख्याला लपवण्यासारखे काही उरलेले नसते; त्याचे सारे आयुष्य त्या 'कर'वर उभे आहे. ही माहिती कंपनीच्या हाती न देता बाहेरच्या एखाद्या आयोगाकडे असावी, वैयक्तिक उत्तरे कंपनीला दिसू नयेत आणि निकाल सगळ्या उद्योगाचा मिळून जाहीर व्हावा, अशी तोड मला सुचते. ती अपुरी आहे. चर्चेसाठी मांडतो.

आमच्या काही कार्यकर्त्या मित्रांना हा सगळा विषयच पांढरपेशा वाटेल. गटारात उतरून माणसे गुदमरून मरत असताना लठ्ठ पगारवाल्याच्या हुकलेल्या बढतीचे काय एवढे? आक्षेप बोचरा आहे आणि मला तो मान्य झाला असता, पण त्याच मुलाने सांगितलेली दुसरी एक हकीकत आड येते.

त्याच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या एक मावशी आहेत. कंत्राटदाराच्या माणूस. त्यांच्या गणवेशावर कंत्राटदाराचे नाव आहे, कंपनीचे नाही. ती मत विचारणारी प्रश्नावली कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांना जाते. झाडणारे, संडास धुणारे, पहारा करणारे, कँटीनमध्ये भांडी घासणारे कंपनीचे कर्मचारीच नव्हेत, म्हणून त्यांना ती येत नाही. आमच्या कंपनीत इतके टक्के लोक समाधानी आहेत असे जे भिंतीवर लागते त्यातून ही माणसे आधीच वगळलेली असतात. त्यांत आपली माणसे किती, हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे आकडा काढताना साचेखाते घेतले आणि झाडूखाते सोडले, असा हा हिशेब आहे. एके दिवशी सकाळी लवकर, मजल्यावर कोणी नसताना, त्या मावशींनी त्याला विचारले, "दादा, गाव कोणतं?" त्याने सांगितले. त्यांनी तालुका विचारला, मग वस्ती विचारली. मग एकदा इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "जय भीम."

"मी पण इकडेतिकडे पाहिलं सर," तो म्हणाला, "आणि मग जय भीम म्हटलं."

त्यानंतर दोघे रोज एकमेकांना असेच भेटतात, माणसे यायच्या आधी. मावशींना महिना किती मिळतो हे त्याला त्यांच्याकडूनच कळले. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले जातात, पण भरले जातात की नाही ते त्यांना ठाऊक नव्हते. त्याने त्यांच्या खात्याचा क्रमांक घेऊन संगणकावर पाहिले. पाच महिन्यांचे भरलेलेच नव्हते. आता तो आणि त्याच्यासारखेच आडनाव लपवून असलेले आणखी दोघे मिळून त्या मजल्यावरच्या अकरा सफाई कामगारांचे हिशेब तपासत आहेत. भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे अर्ज कंत्राटी कामगारांच्या नावाने जाईल, या तिघांची नावे त्यात येणार नाहीत. मजकूर मी लिहून दिला आहे.

वाचकांना विनंती आहे की त्यांच्यापैकी, किंवा त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी, जे खाजगी कंपन्यांत आहेत त्यांनी आपल्याकडच्या पद्धती लिहून या नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. भावना कळवल्या तरी चालतील, पण पद्धती अवश्य कळवाव्यात : मुलाखतीत घराबद्दल काय विचारले, बढतीचे गुण कोण देतो आणि कोणत्या शब्दांत देतो, मत विचारण्याचा फॉर्म कोणाला येतो व कोणाला येत नाही, मजल्यावर कंत्राटी माणसे किती आणि त्यांचा निधी भरला जातो काय. नाव, कंपनी, गाव लिहू नये. खाते आणि वर्ष तेवढे लिहावे.